ऑनलाइन डॉक्टरांना ताप-खोकला दाखवताना

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

हवा बदलली की आपल्या सदराकडे तापाचीच पत्रं येतात, पण या वेळी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली आहे, ती म्हणजे सर्दी-ताप-खोकल्यासाठी मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवलं तर चालतं का, तो खरा उपचार असतो का, आणि कुठे थांबायचं. म्हणून या महिन्यात सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत. पत्रं थोडी कापून छापतोय, राग मानू नका.

"माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत. दोन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, घसा दुखतोय. ॲपवर व्हिडिओ कॉल केला, ५०० रुपये घेतले आणि डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल, मिठाच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि 'तीन दिवसांनी परत कॉल करा' एवढंच सांगितलं. ना अँटिबायोटिक ना इंजेक्शन. आमचे नेहमीचे डॉक्टर पहिल्याच दिवशी अझिथ्रोमायसिन देतात आणि चार दिवसांत बरं वाटतं. आम्हाला फसवलं का?" — एक वाचक भगिनी, सिन्नर

नाही ताई, तुम्हाला चांगले डॉक्टर भेटले. नाक गळणं, घसा, अंगदुखी, ताप हे सगळं एकदम सुरू झालं म्हणजे बहुतेक वेळा व्हायरस असतो, आणि अझिथ्रोमायसिन असो की अमॉक्सिक्लॅव, ही औषधं बॅक्टेरियावर चालतात, व्हायरसचं ती काहीही बिघडवू शकत नाहीत. चार दिवसांत बरं वाटतं ते खरंय, पण ते गोळीविनाही वाटलं असतं कारण साध्या व्हायरलचा ताप साधारण तीन-चार दिवसांत आपणहून उतरतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूची साथ देशभर पसरली होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच लेखी सांगितलं होतं की अशा तापात अँटिबायोटिक देऊ नका, ताप तीन दिवसांत जातो आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. कारण नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकने जुलाब होतात, पित्त होतं हे एक, पण त्याहून मोठी काळजी ही की उद्या खरोखर न्यूमोनिया झाला तर तेच औषध चालेनासं झालेलं असतं. आणि हो, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियाच झाले असं नसतं, साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तसा होतो.

आता ५०० रुपयांचं. व्हायरल तापात डॉक्टरांकडून आपल्याला खरं काय हवं असतं? औषध तर पॅरासिटामॉलच आहे, ते तुम्हालाही माहीत आहे. हवी असते ती नजर. म्हणजे आज हा माणूस साध्या तापाच्या रस्त्यावर आहे की नाही, आणि परवा तो त्या रस्त्यावरून बाजूला तर गेला नाही ना, हे बघणारं कुणीतरी. म्हणून मी तर म्हणेन की या आजारात पहिल्या कॉलपेक्षा दुसरा कॉल जास्त मोलाचा, आणि नेमका तोच आपण करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तीन दिवसांनी कॉल करा सांगितलंय ना, तो बरं वाटलं तरी करा आणि नाही वाटलं तर तीन दिवस थांबूही नका. ताप उतरून एक-दोन दिवस चांगले गेले आणि परत ताप चढला, खोकला वाढला, छातीत एका बाजूला दुखायला लागलं तर ती गोष्ट वेगळी असते, तिथे बॅक्टेरिया घुसलेले असू शकतात, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं आणि तिथे प्रत्यक्ष छाती तपासून घ्यावीच लागते.

एक सूचना न विचारता देतो. पॅरासिटामॉल ६५० ची गोळी चालू असताना मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली जाते आणि त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही अगदी वरची मर्यादा आहे, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरंच कमी. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, किंवा पुढच्या कॉलला घरात चालू असलेली सगळी पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरा.

"मी नोकरीनिमित्त बंगळुरूला, आई (६८) कराडला एकटी असते. तिला शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. कालपासून १०२ ताप आणि खोकला. मी इथून ऑनलाइन डॉक्टरांशी बोलून तिला औषध सांगू शकते का? की लगेच हॉस्पिटलला न्यायला सांगू?" — एक लेक

तुमच्या आईसारख्यांसाठीच मला हा मार्ग फार उपयोगाचा वाटतो, पण त्यात एक बदल करा. तुम्ही डॉक्टरांशी बोलून नंतर आईला औषध सांगायचं असं नको, आई स्वतः कॉलवर हवी. तिघांचा कॉल लावा, शेजारच्या काकूंना किंवा त्यांच्या मुलाला आईजवळ बसवा, फोन त्याने धरायचा. आपल्याकडे टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याचे, नियम २५ मार्च २०२० ला आले, त्यातही हेच अपेक्षित आहे की पेशंट शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर नातेवाईक सोबत असावेत, पेशंटच्या जागी नसावेत, आणि आई कॉलवर नसेल तर तिच्या वतीने बोलायला तुमच्याकडे तिची तशी संमती हवी.

नियमापेक्षा महत्त्वाचं कारण मात्र दुसरं आहे. आईला स्वतःला बोलू द्या, तुम्ही मधे तिची वाक्यं पूर्ण करू नका. कारण डॉक्टर ती काय सांगतेय ते तर ऐकतातच, पण ती कशी बोलतेय ते जास्त ऐकतात. "काल दुपारपासून थंडी वाजून ताप आला आणि रात्रभर खोकला होता" एवढं वाक्य तिने एका दमात सहज म्हटलं तर जीव भांड्यात पडतो. हेच वाक्य ती तीन-तीन शब्दांवर थांबून, मधे श्वास घेऊन म्हणायला लागली तर ऑक्सिजनचा आकडा बघायच्या आधीच डॉक्टरांना कळतं की हे घरी ठेवायचं काम नाही. स्टेथोस्कोप लावता येत नाही ना, मग बोलणं, चेहरा आणि श्वास यावरच सगळी भिस्त असते. खिडकी तिच्या पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा दिसतो आणि ओठांचा रंग कळतच नाही.

कॉलच्या आधी एका कागदावर ताप वेळेसकट लिहून ठेवा, तीन-चार वेळचा. शुगर बोटावर तपासून आकडा लिहा, तापात ती वाढते आणि खाणं कमी झालं की उलटंही होऊ शकतं, त्यामुळे "शुगरच्या गोळ्या या दिवसांत तशाच घ्यायच्या का" हा प्रश्न तुम्हीच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपी घरी मोजता येत असेल तर तेही. आणि किडनीचा शेवटचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, सापडला तर फार बरं, का ते पुढे सांगतो.

ऑक्सिमीटर लावताना नखाला नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी नको, हात गार असेल तर आधी चोळून गरम करा, हात टेबलावर स्थिर ठेवा आणि मिनिटभर तसाच राहू द्या, पहिला चमकलेला आकडा धरायचा नाही, स्थिर झालेला धरायचा. ९४ किंवा वर असेल तर चांगलं. ९३ किंवा खाली, पुन्हा मोजूनही तेवढाच, तर कॉल वगैरे काही नाही, सरळ हॉस्पिटल. (आईला आधीपासून दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तिचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो डॉक्टरांना सांगा.)

आता क्रिएटिनिन का. स्वाइन फ्लूच्या वेळेपासून आपल्या सरकारने फ्लूच्या पेशंटचे तीन गट केलेत. साधा ताप-खोकला असलेले अ गट, त्यांना फ्लूचं खास औषध लागत नाही, टेस्टही लागत नाही, फक्त २४ ते ४८ तासांनी परत बघायचं. ब गटात दोन प्रकारचे लोक, एक म्हणजे खूप ताप आणि घसा खूप दुखणारे, आणि दुसरे म्हणजे ज्यांना धोका जास्त: ६५ च्या पुढचे, आधीचे आजार असलेली लहान मुलं, गरोदर बायका, डायबेटीस, हृदय, किडनी, फुप्फुस, कॅन्सर वगैरे आजार असलेले. तुमच्या आई वयानेही यात येतात आणि शुगरनेही. ब गटाला टेस्टची वाट न बघता ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करता येतं, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दोन वेळा, पाच दिवस, पण किडनी कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून तो रिपोर्ट. म्हणजे तुमच्या बाबतीत "बघू दोन दिवस" हे चालणार नाही, कॉल आजच करा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आईला फ्लूचं औषध द्यायचं का. ते मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मागूही नये.

क गट म्हणजे धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी किंवा बडबड, थुंकीत रक्त, बीपी खाली जाणं, ओठ-नखं निळसर होणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन लावायला त्या शेजारच्या मुलाला सांगा, ॲपवर डॉक्टर कधी येतील म्हणून रांगेत थांबू नका. वयस्कर माणसात कधीकधी धाप दिसतच नाही, नुसतं "आज आई काहीतरी वेगळंच बोलतेय, झोपूनच आहे" एवढंच दिसतं. लेकीला आवाजावरून हे सगळ्यात आधी कळतं, तुमच्या त्या कळण्यावर विश्वास ठेवा.

"माझं बाळ ८ महिन्यांचं आहे. सर्दी, खोकला, थोडा ताप. व्हिडिओवर बालरोगतज्ज्ञांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या लगेच घेऊन या. मग ऑनलाइनचा उपयोग काय? आणि कफ सिरप का देत नाहीत?" — एक आई, पनवेल

उपयोग झाला, ताई. त्या दोन मिनिटांत त्यांनी बाळाची छाती बघितली असणार.

तुम्हालाही हे घरी करता यावं म्हणून नीट सांगतो. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तमच, अंगातलं झबलं वर करायचं, छातीपासून बेंबीपर्यंत सगळं उघडं दिसलं पाहिजे. दुसऱ्या कुणीतरी मोबाईलवर मिनिट लावायचं आणि तुम्ही पोट वर गेलं की एक, परत वर गेलं की दोन असं पूर्ण मिनिटभर मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट नको, बाळांचा श्वास मधेच थांबतो-पळतो म्हणून आकडा चुकतो. रडताना, दूध पिताना मोजायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, हे झालं तर श्वास जलद आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्या आशाताईही हेच मोजतात. त्याचबरोबर बरगड्यांच्या खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय का बघा. नाकपुड्या फुलतायत, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतोय, बाळ अंगावर ओढत नाहीये, लंगोट बराच वेळ कोरडा आहे, नुसतं पडून आहे, यातलं काही असेल तर ऑनलाइन नाही, उचलायचं आणि निघायचं. या वयात आरएसव्ही नावाच्या व्हायरसने छातीच्या अगदी बारीक नळ्या सुजतात, सकाळी हसणारं बाळ रात्री दमलेलं दिसू शकतं. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर नुसता १००.४ ताप आला तरी प्रत्यक्षच दाखवायचं.

कॉलच्या वेळी बाळ नेमकं रडतं किंवा नेट जातं, म्हणून आधीच असा मिनिटभराचा छातीचा व्हिडिओ काढून ठेवला तर डॉक्टरांना तोच पाठवता येतो. तो रडण्यातल्या लाइव्ह कॉलपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

कफ सिरपचं मी कळकळीने सांगतो, देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने लहान मुलांच्या किडन्या गेल्या, त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत बजावलं की २ वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची सिरपं देऊ नयेत आणि साधारण ५ वर्षांच्या आतही ती नकोच. पण सिरप शुद्ध असलं तरी या वयात त्याचा उपयोग नगण्य आणि त्रास जास्त, गुंगी येते, छातीत कफ साठतो. नाकात सलाईनचे थेंब, पाजायच्या आधी नाक मोकळं करणं, थोडं थोडं पण वारंवार अंगावर पाजणं, हाच उपचार. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवणारी आजी कितीही प्रेमाने म्हणाली तरी. वाफेचं भांडंही बाळाजवळ नको, भाजलेली मुलं आम्ही बघतो.

तापाच्या औषधात एक गडबड हमखास होते ती सांगतो. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स वेगळे आणि सिरप वेगळं. बऱ्याच ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. डॉक्टरांनी फोनवर "पॅरासिटामॉल ४ मिली द्या" म्हणताना सिरप मनात धरलेलं असतं आणि घरात असते ड्रॉप्सची बाटली, म्हणजे बाळाला एका वेळी ४०० मिलिग्रॅम जातं. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम पुरतं. म्हणून बाटली कॅमेऱ्यासमोर धरा, लेबल वाचून दाखवा, बाळाचं आजचं वजन सांगा आणि मिली किती ते चॅटमध्ये लिहून घ्या.

"आमच्या गावात डॉक्टर नाही, तालुका २६ किलोमीटर. सरकारी ऑनलाइन डॉक्टर आहेत म्हणतात, ते कसं असतं? पैसे लागतात का? माझ्याकडे साधा फोन आहे." — एक शेतकरी वाचक, जि. नंदुरबार

दादा, त्याचं नाव ई-संजीवनी आणि ती फुकट आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती बनवली, आणि एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात तिची घरबसल्याची ओपीडी सुरू झाली. तिचे दोन रस्ते आहेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि नेट आहे त्यांनी ॲप घ्यायचं, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, नाव-वय-त्रास भरायचा, टोकन मिळतं, नंबर आला की व्हिडिओवर डॉक्टर येतात आणि बोलणं झालं की चिठ्ठी फोनवरच येते.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता बरा. तुमच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात, सीएचओ म्हणतात त्यांना. ते त्यांच्या यंत्रणेवरून तुमच्यासमोर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जोडून देतात. मला ही पद्धत घरच्या कॉलपेक्षा जास्त आवडते, खरं सांगतो. कारण इथे पेशंटच्या बाजूला शिकलेलं माणूस असतं, ते बीपी घेतं, ऑक्सिजन बघतं, छातीला हात लावतं आणि डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगतं, शिवाय साधी औषधं तिथल्या तिथे मिळतात. नेट गेलं, डॉक्टर लाइनवर नाहीत असं होतं कधीकधी, म्हणून सकाळी लवकर जा आणि आशाताईला आदल्या दिवशी विचारून ठेवा की सीएचओ आहेत का.

"रोपाची लावणी चालू आहे. तीन दिवस जोराचा ताप, डोकं, पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल. सर्दी-खोकला नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या." — चिपळूणहून

तुम्ही डॉक्टरांना लावणीचं सांगितलंत का? चिखलात, साचलेल्या पाण्यात उभं राहून काम, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, सर्दी नाही, हे ऐकलं की कोकणातला कुठलाही डॉक्टर आधी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार करतो. ही बाब ऑनलाइन नाही, हे वाचत असाल तर आत्ता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लेप्टोवर डॉक्सिसायक्लिनसारखं औषध आहे आणि ते लवकर सुरू झालं तर फार फरक पडतो, उशीर झाला तर कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

सगळ्यांसाठीच सांगतो, पावसाळ्यात ताप आहे आणि नाक-घसा-खोकला काहीच नाही, तर त्याला पटकन व्हायरल सर्दीताप म्हणू नका. डेंग्यू असू शकतो, मलेरिया असू शकतो, लेप्टो असू शकतो, विदर्भात बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस असू शकतो. रक्ताची तपासणी लागते. आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. ऑनलाइन डॉक्टर तुमचं अंगण, शेत, घरामागचं डबकं बघू शकत नाहीत, तुम्ही काय काम करता हे तुम्हीच सांगायला हवं.

"ऑनलाइन डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. मेडिकलवाला म्हणतो ही चालत नाही. खरं कोण?" — एक वाचक, लातूर

चिठ्ठीवर अवलंबून आहे. सहीच्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन, किंवा ई-प्रिस्क्रिप्शन, हे नियमात बसतं. पण त्यावर डॉक्टरांचं नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख आणि पेशंटचं नाव-वय हवं. "अमुक गोळी सकाळ-संध्याकाळ" असा नुसता टाइप केलेला मेसेज म्हणजे चिठ्ठी नाही, तिथे तुमचा मेडिकलवाला बरोबर आहे आणि त्याचे आभार माना.

रजिस्ट्रेशन नंबर मागायला लाजू नका, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो तपासता येतो. आणि हेही लक्षात ठेवा की पॅरासिटामॉल, ओआरएस, साधं खोकल्याचं औषध हे डॉक्टर फोनवर किंवा चॅटवरही सांगू शकतात, पण त्यापलीकडचं औषध पहिल्यांदाच द्यायचं तर व्हिडिओवर बघणं नियमाने गरजेचं आहे. तुमचा चेहराही न बघता, चार प्रश्न चॅटवर विचारून कुणी लगेच अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड लिहून दिलं तर ती चिठ्ठी घेऊन मेडिकलात जाऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइडने ताप पटकन उतरल्यासारखा वाटतो आणि लोक खूश होतात, पण कोविडच्या दुसऱ्या लाटेत शुगर असलेल्यांना काळी बुरशी झाली त्यात वारेमाप स्टेरॉइडचा मोठा वाटा होता, ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

"मुलगा म्युनिकला शिकतो, त्याला फ्लू झालाय. आमचे पुण्याचे फॅमिली डॉक्टर व्हिडिओवर बघून औषध देतील का?" — एक आई, कोथरूड

धीर देतील, गरम वरण-भात खा म्हणतील, पण चिठ्ठी नाही. आपले टेलिमेडिसिनचे नियम भारताबाहेरच्या पेशंटला लागू नाहीत आणि इथली चिठ्ठी घेऊन तिथला फार्मासिस्ट औषध देणार नाही. त्याला तिथलाच विमा आहे, त्याच्यावर तिथल्या डॉक्टरांची व्हिडिओ भेट मिळते. ओळखीचा दवाखाना असेल तर साध्या आजाराला फोनवरच ५ दिवसांपर्यंतचं आजारपणाचं सर्टिफिकेट मिळतं, डिसेंबर २०२३ पासून ही सोय कायमची झालीय. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवे असतील तर ११६११७, आणि धाप-छातीत दुखणं असं काही झालं तर ११२. हे दोन नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करायला सांगा.

"व्हायरल होऊन गेला, ताप नाही, पण खोकला जातच नाही. ऑनलाइन दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून दोन सिरपं झाली. वय ३१, महिना होत आला." — भिवंडी

तिसरं सिरप नको. व्हायरलनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो पण तो रोज थोडा थोडा कमी होत जातो. तुमचा होत नाहीये आणि महिना होत आलाय. आपल्या देशात दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची हा सरकारचाच नियम आहे, त्यात घाबरण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काही नाही. वजन कमी झालंय का, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, घरात कुणाला टीबी होऊन गेलाय का, हे सगळं डॉक्टरांना सांगा. दम्याचा प्रकारही असू शकतो, पण ते नंतर.

दर वेळी वेगळे डॉक्टर मिळतात हा ॲपचा खरा तोटा आहे, प्रत्येकाला तुमचा खोकला चार दिवसांचाच वाटतो. जमेल तिथे त्याच डॉक्टरांची वेळ घ्या, आणि जुनी चिठ्ठी कॉल सुरू झाल्या झाल्या दाखवा.

आत्ता मात्र जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, थुंकीची तपासणी आणि लागली तर औषधंही तिथे फुकट आहेत. ते डबी देतील. एक नमुना सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, काही खायच्या आधी द्यायचा, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढायचा, तोंडातली लाळ नको. घराबाहेर मोकळ्या हवेत काढा, जवळ कुणी नको. आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.